अर्धी चौकट

१

चौकटीची एकच बाजू विकायला येते, तेव्हा बाकीचं दार कुठे असतं?

हे मी पहिल्यांदा जुन्या बाजारातल्या काकांना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "आधी जिन्यात वाट दे, खांदा मोडतोय माझा." वहिनीने लाकडाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. पुढे चौकशीला साहेब आले, त्यांनाही विचारलं. त्यांनी उलट मलाच पाच प्रश्न विचारले.

आई-वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि दादा सतरा. त्याने कॉलेज सोडलं आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला. मी चौथीनंतर मास्तरांच्या अंगावर पाटी फेकली आणि शाळा आपोआप सुटली. दादाने मारलं नाही. फर्निचरच्या कारखान्यात मिस्त्रींच्या हाताखाली लावून दिलं, आणि पॉलिशचा बोळा माझ्या हाताला असा चिकटला की आजवर सुटला नाही.

पाच वर्षांपूर्वी वहिनी आली. दोन खोल्यांचं घर. आतली त्यांची झाली, बाहेरची माझी. वहिनी कपड्यांच्या दुकानासाठी घरी बसून कपडे लहान-मोठे करायची. स्वभावाने चांगली होती. तोच तर वांधा होता. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली. त्यावर घरात कुणी बोलत नसे. त्यानंतरच्या रविवारी दादा तिला जुन्या बाजारात घेऊन गेला. पाय मोकळे होतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

२

छंद लागला तो एका बशीमुळे.

काठावर निळी वेल असलेली बशी. कप नव्हता. वहिनीने ती उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "हिचा कप कुणी फोडला असेल, आणि बोलणी कुणी खाल्ली असतील?" बशी घरी आली. मग अकरा रविवार दोघं कप शोधत फिरले. बाराव्या रविवारी तो मिळाला, तीच वेल, तोच निळा. दादा जिन्यातून ओरडत वर आला. त्या कपात चहा ओतून तिघांनी एकेक घोट घेतला. असा दादा मी आधी पाहिला नव्हता.

काका म्हणाले, "नवशिक्यांचा पहिला रोग. जोडी लावायची." त्यांना कुणी भंगारवाले म्हटलं की राग यायचा. "भंगारवाला वजनावर घेतो," ते म्हणायचे, "मी वयावर घेतो."

सुरुवातीला हसंही खूप झालं. दादाने एक पितळी कुलूप आणलं आणि पावडर लावून सकाळभर घासलं. आरशासारखं झालं. मोठ्या ऐटीत काकांना दाखवायला गेला, तर काकांनी कपाळावर हात मारला. "अहो, त्याची वर्षं धुतलीत की तुम्ही." तेव्हापासून घरात नियम झाला: पुसायचं, पण घासायचं नाही. मी तर घासण्याचंच खातो, त्यामुळे मला गंमत वाटायची.

पण मी उपयोगाला येत होतो. शंभर वर्षांची म्हणून एक लाकडी पेटी दादा घ्यायलाच निघाला होता. मी झाकणाच्या आत बोट फिरवलं. रेषा लाकडाला आडव्या होत्या, पॉलिश पेपरच्या, अगदी कालपरवाच्या. दादाला कोपराने ढोसलं. बाजारातून बाहेर पडल्यावर त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. "धाकट्या, तुझे हात म्हणजे माझं तिसरं भिंग." घरी येईपर्यंत तो हात तिथेच होता.

मग वहिनीची नजर तयार झाली. वस्तू आधी उलटी करायची, तळ बघायचा, मग तोंड. ड्रॉवर असेल तर ओढून आत वास घ्यायचा. खिळा हाताने ठोकलेला की यंत्राचा, ते बोट लावून ओळखायचं. दादा आता तिला विचारायचा. रविवारी दुपारी आणलेली वस्तू मधे आणि एका भिंगावर दोन डोकी. मी चहा घेऊन उभा. तिसरं डोकं बसायला भिंगात जागा नसते.

माझ्या पोटात दुखायचं, आणि ते मला कळतही होतं. कळून दुखणं थांबत नाही.

३

ती बाही काकांच्या दुकानात गुंडाळलेल्या सतरंज्यांखाली पडली होती. बाही म्हणजे दाराच्या चौकटीची उभी बाजू. एकच होती. चार बोटं जाड, वीतभर रुंद, काळसर लाकूड. मी टिचकी मारून पाहिली. आत कीड नव्हती, पोकळ नव्हतं.

वहिनी खाली वाकली आणि तशीच राहिली. "अहो, हे बघा."

गुडघ्याच्या थोडं वर एक आडवी खाच होती, सुरीने मारलेली. तिच्या वर दुसरी, मग तिसरी. कंबरेच्या वर सहावी. शेजारी नाव नाही, साल नाही. कुणाचं तरी पोर दर वाढदिवसाला पाठ टेकून उभं राहिलं असणार. तिसऱ्या खाचेच्या वर आणखी एक होती, पण ती काट मारून खोडलेली.

"टाचा उचलल्या लबाडाने," वहिनी म्हणाली आणि हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज करून. "बापाने पकडलं."

"बापाने कसलं, आईने," दादा म्हणाला. "बाप एवढं बारीक बघत नाही."

काका म्हणाले, "ते राहू द्या. दुसरं काही बघा." एरवी वस्तू गळ्यात मारायला ते दहा गोष्टी सांगायचे. आज एकही सांगितली नाही. तेव्हाच मी तो प्रश्न विचारला, आणि ते चष्मा पुसत राहिले.

बाही आतल्या खोलीत मागच्या भिंतीला उभी केली. त्या भिंतीपलीकडे काही नाही. दोन मजले खाली बोळ आहे, खालच्या मावशींच्या कपड्यांच्या दोऱ्या आहेत, बस्स. दादा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला. वहिनीने टेप काढून खाचांमधली अंतरं मोजली. "पाचव्या वर्षी वाढला नाही फारसा. आजारी असेल." "मग सहाव्या वर्षी भरून काढलंय बघ."

बाहेरच्या खोलीत मी मोजे वाळत घालत होतो. माझं एक वर्ष तापात गेलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आहे का, असं विचारावंसं वाटलं.

४

आठवड्याने मी बाहीला मेण लावायला बसलो. काकांनी तेवढीच परवानगी दिली होती. फडकं खालून वर नेत गेलो आणि सहाव्या खाचेच्या वर थांबलो.

जुनी खाच आतून काळी असते. धूळ, तेल, हात, सगळं तिच्यात बसलेलं असतं. नवी खाच आतून फिकी असते आणि तिचे तंतू बोटाला टोचतात. हे मला झोपेतसुद्धा कळेल. ही फिकी होती. टोचत होती.

जेवताना विचारलं, "दादा, खाच तू मारलीस?"

"कुठली?"

"सातवी."

"सहाच आहेत."

"सात आहेत."

वहिनीने भात वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, चौथी पास झाला होतात ना तुम्ही?"

दादा भिंग घेऊन उठला. मला वाटलं, आता घाबरेल. निदान चिडेल. तो बराच वेळ वाकून बघत होता. मग हळूच म्हणाला, "वाढला की."

"किती?" वहिनीने विचारलं.

"दोन बोटं."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, मी चुकीच्या घरात जेवतोय.

मी माझ्यापुरता विचार केला. लाकूड सुकताना तडकतं. पण तडा रेषेबरोबर जातो, आडवा जात नाही. म्हणजे हात माणसाचाच. वहिनी दुपारी घरी एकटी असते. तिच्या मनात काय चालतं ते सगळ्यांना माहीत होतं. मी तिच्या कात्रीची धार तपासली. लाकडाचा कण नव्हता. दादाची हत्यारं दुकानातच असायची. पुढच्या रविवारी आठवी खाच आली. त्याच्या पुढच्या रविवारी नववी. ही दोघं बाजारात गेली की मागे मी घरात असायचो, म्हणजे हिशेबाने चोर मीच.

म्हणून दहाव्याला मी मुद्दाम लक्ष ठेवलं. बाहेरच्या खोलीत बसलो, मधलं दार उघडं ठेवलं, डोळे बाहीवर. साधारण अकराच्या सुमाराला खाली पाण्याचा टँकर आला, मी खिडकीकडे बघितलं, आणि आत लाकडावर पाऊल सरकल्यासारखा आवाज झाला. मग कुणीतरी ताठ उभं राहताना छाती भरून श्वास घेतं, तसा श्वास. मी आत गेलो. खोली रिकामी होती. बाहीच्या पायाशी लाकडाचा कीस पडला होता, नखाएवढा, वळलेला, ताजा.

तो मी दादाला दाखवला. त्याने काडेपेटीत घालून ठेवला.

आता घरात 'तो' आला. "त्याला पिवळा रंग आवडेल का?" "त्याच्या वयाला तू केवढी होतीस?" दुरुस्तीला आलेल्या कपड्यांतून उरलेल्या तुकड्यांचा वहिनीने एक सदरा शिवला, माझ्या अंगाला तो लहान होता आणि माझ्यासाठी नव्हताही. मधलं दार आता लावलेलं असायचं.

एका संध्याकाळी मी बूट काढत होतो. आतून दादाची हाक आली, "धाकट्या."

"काय?" मी म्हणालो.

मग दादा म्हणाला, "तुला नाही."

५

त्या रात्री काय वाटलं ते सांगत नाही. सकाळी कारखान्यात मी मिस्त्रींकडे साडेसहा फुटी लाकूड मागितलं.

"कशाला?"

"घरी लागतंय."

"घरच्या कामाला माणूस एवढं तोंड पाडत नाही," मिस्त्री म्हणाले, पण दिलं.

नव्याला जुनं करणं ही आमच्या धंद्यातली वाईट विद्या आहे. मिस्त्रींनी शिकवताना शपथ घालून शिकवली होती. मशीनला न लावता मी ते हाताने रंधून घेतलं. साखळीने मारलं, पण जिथे माणसाचा खांदा, बादली, खाटेचा पाय लागतो तिथेच. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये चार दिवस भिजवले आणि ते पाणी पाजलं. लाकूड डोळ्यांदेखत काळवंडलं. वरून कडक चहा, मग काजळी घातलेलं मेण. कडा अंगठ्याने घासून गोल केल्या, कारण दाराची कड रंध्याने कधीच गोल होत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी होते. माझ्या अंगठ्याची साल गेली. तसूभरही कमी राहू दिलं नाही.

मग खाचा.

माझी उंची कधी कुणी घेतली नव्हती. दादाला वेळ कुठे होता? पण सहाव्या वर्षी माझं डोकं त्याच्या पट्ट्याच्या बकलाला लागायचं. सातव्या वर्षी सदऱ्याच्या खालून दुसऱ्या बटणाला, नवव्या वर्षी खिशाला. खिशातल्या पेनचं टोपण कपाळाला टोचायचं. मी दादाचा सदरा दोरीवर त्याच्या उंचीला टांगला आणि त्यावरून मापं घेतली. दहाव्या वर्षी कामाला लागलो. त्यानंतर त्याच्या इतक्या जवळ उभा राहिल्याचं आठवत नाही, म्हणून खिशापाशी थांबलो. प्रत्येक खाच मारून तिच्यात काजळी भरली.

काकांकडे नेली. त्यांनी उलटी केली, वास घेतला, नखाने टोकरली. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "पण कशाला?"

"त्यांना जोडी पाहिजे."

"काही वस्तूंना जोडी नसते रे. म्हणून तर त्या विकायला येतात."

"ठेवाल की नाही?"

"ठेवतो. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"ते विचारणार नाहीत," मी म्हणालो.

नाहीच विचारलं. नवशिक्याला हवी ती जोडी समोर आली की तो तळ बघायला विसरतो. वहिनीसुद्धा विसरली.

६

दादाने दोन्ही बाह्या तीन फुटांच्या अंतराने भिंतीला उभ्या केल्या. वरची आडवी पट्टी मलाच बनवायला सांगितली. मी बनवली, मापात, एका खिळ्यातही चूक नाही. त्या भिंतीवर आता एक पुरती चौकट होती, आणि चौकटीच्या आत आमचाच पांढरा रंग, ओल आलेला. पट्टी बसवून मी स्टुलावरून उतरलो तेव्हा वाऱ्याची एक झुळूक पायांवरून गेली. खिडकी बंद होती. जुनं घर आहे, कुठूनही वारा येतो, असं मी स्वतःला सांगितलं.

वहिनी माझ्या बाहीवरून बोट फिरवत होती. बकल, बटण, खिसा. आता विचारेल, मला वाटलं, हा कोण.

"हा थांबलाय," ती म्हणाली.

"हं," दादा म्हणाला.

"नऊ-दहाचा असेल. पुढे एकही नाही." तिने पदर डोळ्यांना लावला. "तो केवढा झाला बघा, आणि हा इथेच."

"बिचारा," दादा म्हणाला.

माझा तोल गेला. "बिचारा काय? तो मी आहे. मी केलीय ही बाही. ते तुझ्या पट्ट्याचं बकल आहे, हे बटण, हा खिसा."

दादा हसला. प्रेमाने हसला, ते जास्त लागलं. "धाकट्या, तुला नसतं जमलं हे."

मी खिशातून पटाशी काढली. कोपरा तासला की खाली पांढरं लाकूड दिसलं असतं. वहिनीने माझं मनगट धरलं. "भाऊजी, त्याला हात लावू नका."

"कुणाला? कोण आहे तो? माझ्या घरात माझ्या भावाला कोण..."

"हळू बोल," दादा म्हणाला. त्याने मान चौकटीकडे वळवली होती. "ऐकेल ना."

७

दुसरा दिवस रविवार होता. दोघं बाजारात गेली नाहीत. मी मात्र सकाळीच रागाने बाहेर पडलो, बसस्टॉपवर बसून सहा बस जाऊ दिल्या, आणि दुपारी दोनला परत आलो.

त्यांच्या चपला दारात होत्या. ओट्यावर चहाचं पातेलं, अजून कोमट. मधलं दार आतून कडी लावलेलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, दोन माणसांचा नाही, तिघांचा. वहिनी काहीतरी म्हणाली आणि दादा मोठ्याने हसला. तिसरा आवाज खाली होता, कंठ नुकता फुटलेल्या पोराचा असतो तसा.

मी हाक मारली. हसू थांबलं नाही. मी दारावर थापा मारल्या. मग पटाशी कडीच्या फटीत घातली आणि जोर लावला. लाकूड सुटलं, दार हातभर उघडलं, पटाशी अडकून बसली. ती काढायला लागला तेवढाच वेळ मी आत बघितलं. मधे वहिनीच्या शिलाई मशीनचं टेबल होतं, म्हणून चवड्यांवर उभा राहून.

चौकटीच्या आत आमची भिंत नव्हती. खोली होती, जरा उतरती, आणि डावीकडून ऊन येत होतं, जिथे आमच्याकडे खिडकीच नाही. दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याचा एक हात वर होता, तळवा कुणाच्या तरी डोक्यावर सपाट ठेवलेला. वहिनी खाली बसून दोन्ही हातांनी कुणाच्या तरी टाचा जमिनीला दाबत होती. तो बाहीला पाठ लावून उभा होता. तोंड दिसलं नाही. एक कान दिसला, आणि थोडे केस. माझ्याएवढा उंच होता. अगदी माझ्याएवढा.

"टाच टेकव, धाकट्या," दादा म्हणाला.

मी टाचा टेकवल्या.

त्या जमिनीला लागेपर्यंत समोर भिंत आली होती, पांढरी, ओल आलेली.

८

चौकशीला आलेल्या साहेबांनी भिंतीवर टकटक केलं. एक जण गच्चीवरून लोंबकळून बाहेरची बाजू बघून आला. "नवरा-बायको कंटाळून निघून जातात कधी कधी," मोठे साहेब म्हणाले.

"आतून कडी लावून? अनवाणी?"

"कडी आतून होती हे तू म्हणतोस."

ते गेल्यावर मी हातोडा घेतला आणि चौकटीच्या मधोमध भिंत फोडली. विटा निघाल्या, भोक पडलं, आणि पलीकडे बोळ दिसला. मावशी दोरीवर चादर टाकत होत्या. त्या वर बघून म्हणाल्या, "अरे बाबा, माझ्या धुतलेल्या कपड्यांवर माती टाकतोस?" मी माफी मागितली आणि भोक बुजवून टाकलं.

त्या जुन्या बाहीवर त्याच रविवारी तीन ताज्या खाचा होत्या. एक दादाच्या उंचीची, एक वहिनीच्या, एक त्याची. आधी आठवड्याला एक यायची. आता रोज सकाळी, म्हणजे तिकडच्या दर वर्षाला, तीन येत होत्या, जुन्यांच्या शेजारी ओळीने.

त्याची खाच जागची हलेना. त्याची वाढ झाली होती. दादाची आणि वहिनीचीही बरेच दिवस सारखीच राहिली. मला बरं वाटायचं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी दिवा धरून बघायचो, आणि तिन्ही कालच्याच रेषेत असल्या की डबा भरून निघायचो. माझ्या बाहीवर एकही वाढली नाही. तीही मी रोज बघायचो.

पंचविसाव्या दिवशी वहिनीची खाच केसाएवढी खाली आली. मला वाटलं, हात हलला असेल मारणाऱ्याचा. तिसाव्या दिवशी दादाचीही उतरली. पस्तिसाव्या दिवशी वहिनी त्याच्या खांद्याला लागत होती. मी टेप घेऊन बसलो, तिचीच टेप. माणूस वाकतो तेव्हा किती वाकतो ते मी मावशींच्या सासऱ्यांना जिन्यात बघितलं होतं. तेवढंच अंतर होतं.

मी कामावर जायचं सोडलं. त्या दुसऱ्या धाकट्याचा मला एवढा राग आला की मी बाहीवर डोकं आपटलं. त्यांची सगळी वर्षं त्याने घेतली होती. काठी त्याने आणून दिली असेल, औषधाची वेळ त्याने लक्षात ठेवली असेल, दादाचा चष्मा सापडेनासा झाला की त्याने शोधून दिला असेल. ते माझं काम होतं. मी त्यासाठीच तर मोठा झालो होतो.

अडतिसाव्या दिवशी दोनच खाचा होत्या.

वहिनी नव्हती. मी तिची शेवटची खाच बोटाने चाचपली. फिकी होती अजून, टोचत होती. त्या दिवशी जेवलो नाही. मावशींनी दार वाजवून विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "वहिनी गेली." त्या म्हणाल्या, "अरे, त्याला आता महिना होऊन गेला." मी मान हलवली.

एकोणचाळीस, चाळीस. दादाची खाच रोज बोटभर उतरत होती आणि आता एका पातळीत येत नव्हती. कधी सुरी घसरलेली, कधी दोनदा मारलेली. उभं राहताना तो डगमगत होता. उंची घ्यायला त्याला एवढा वेळ उभं का करतात, मला कळेना. त्यालाच हवं असेल. तो हट्टी होता.

तो दुसरा त्याला धरत असेल, नसेलही. मला त्याची खात्री देता येत नाही. ज्याचं तोंड मी पाहिलं नाही, त्याच्या भरवशावर मी दादाला सोडणार नव्हतो.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी कारखान्यातून एक दांडा आणला. मुठीत मावेल एवढा जाड, दोन हात लांब. लेथवर कातून गोल करून घेतला. कुठे कुसळ राहू नये म्हणून तीन वेळा पेपर मारला आणि पॉलिश मात्र केलं नाही. म्हाताऱ्या हाताला पॉलिश घसरतं. दादाच्या शेवटच्या खाचेवरून कोपर कुठे येईल ते मोजलं. माझ्या बाहीला आतल्या अंगाने दोन भोकं पाडली, स्क्रूची डोकी लाकडाच्या आत बुडवली, नख लागू नये म्हणून वर मेण भरलं. मग दोन्ही हातांनी धरून माझं सगळं वजन त्यावर टाकलं. दांडा हलला नाही. खाली सांडलेला भुसा झाडून घेतला, चौकटीसमोरची खुर्ची बाजूला केली म्हणजे दादाचा पाय अडणार नाही, आणि दार ओढून बाहेर येऊन बसलो.